गॅप, गादी आणि वंगण

माझ्याकडे येणारी माणसे आधी निदान सांगतात, दुखणे मागाहून. "मणक्यात गॅप आहे." "गादी सरकलीय." "नस दबलीय." "गुडघ्यातलं वंगण संपलंय." काखेत एमआरआयची ती लांबरुंद पिशवी, आत फिल्म आणि एक कागद, कागदातल्या एका ओळीखाली कुणीतरी निळ्या पेनाने रेघ ओढलेली. एल-फोर, एल-फाइव्ह हे शब्द आता आमच्या तालुक्यात सातबाऱ्यावरच्या गट नंबराइतके तोंडपाठ झाले आहेत. पण नेमके कुठे दुखते, दिवसातून कधी दुखते, काय करताना दुखते असे विचारले की माणूस गोंधळतो. त्यात सांगण्यासारखे काही असते असे आजवर त्याला कुणी जाणवूच दिलेले नसते.

सव्वीस वर्षे ही वाक्ये ऐकल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे सगळे शब्द यंत्राचे आहेत. वंगण संपते ते गाडीच्या चाकातले, झिजते ते मोटरीचे बेअरिंग. यंत्राचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो: जितके वापराल तितके झिजेल, तेव्हा जपून वापरा. माणूस तोच नियम स्वतःच्या गुडघ्याला लावतो. मांडी घालायचे सोडतो, जिना टाळतो, गडावरच्या देवाला पायथ्यावरूनच हात जोडतो. सहा महिन्यांनी गुडघा आणखी दुखू लागला की त्याला वाटते, आपण अजून पुरते जपले नाही. हे पुस्तक त्या नियमाविरुद्ध लिहिले आहे.

'गॅप'ची तर गंमतच आहे. पाठीच्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसते ते नेमके उलटे. दोन मणक्यांमधल्या चकतीतले पाणी वयोमानाने कमी होते, ती चपटी होते आणि मणक्यांमधली जागा घटते. घटलेल्या जागेला 'गॅप पडला' कसे म्हणू लागले ते भाषेच्या अभ्यासकांनी शोधावे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र भिंतीतले भगदाड उभे राहते, आणि भगदाड पडलेल्या भिंतीला कोणी टेकत नाही. माणूस वाकायचे बंद करतो, नातवाला उचलायचे बंद करतो, कमरेला पट्टा बांधतो आणि तो अंघोळीपुरताच सोडतो.

१९९४ साली अमेरिकेत, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढण्यात आले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका जागी चकती फुगलेली निघाली. पुढे २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. पाठ न दुखणाऱ्या विशीतल्या तरुणांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्यांत झीज होती. ऐंशीच्या घरातल्यांत हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजे केस पिकावेत तशी चकतीही पिकते. पिकलेल्या केसाखाली मात्र कुणी निळ्या पेनाने रेघ ओढत नाही.

एमआरआय निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. चकतीचा तुकडा नसेवर रुतला असेल, कळ पायात उतरत असेल, पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल, तर तीच फिल्म शल्यचिकित्सकाला वाट दाखवते. पण फिल्ममधले चित्र आणि समोरच्या माणसाचे दुखणे यांचा मेळ आहे की नाही, हे हाताने, डोळ्याने आणि प्रश्न विचारूनच ठरवावे लागते. आमच्या फिजिओथेरपीच्या पेशाचे अर्धे काम ते आहे, आणि त्याला वीज लागत नाही.

उदाहरणादाखल खांदा घेऊ, कारण पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण त्याच्यावर आहे. पन्नाशीच्या एखाद्या शिक्षिका येतात. उजवा हात वर जात नाही. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येत नाही, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते. मी त्यांना हात आपला आपण वर करायला सांगतो. तो छातीच्या उंचीपर्यंत येतो आणि पुढे खांदाच कानाकडे चढू लागतो. मग म्हणतो, आता हात सैल सोडा, मी उचलतो. इथे दोन वाटा फुटतात. माझ्या हाताने तो वर गेला, तर सांधा मोकळा आहे. उचलणारा स्नायू किंवा त्याचा कंडरा दुबळा झालाय, कदाचित फाटलाय. माझ्या हातानेही तो त्याच जागी अडला, तर सांध्याभोवतीचे आवरणच आवळले गेले आहे. मग कोपर कमरेला चिकटवून मनगट बाहेरच्या बाजूला फिरवून पाहतो. खांदा आखडतो, ज्याला सगळे 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात, तेव्हा ही हालचाल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते. दोन मिनिटांचे काम. एक्स-रे अशा खांद्यात बहुधा स्वच्छ असतो. यानंतरचा माझा प्रश्न ऐकून बाई चमकतात: "शुगर तपासली आहे का?" मधुमेहींमध्ये हा आजार बराच अधिक आढळतो, आणि खांदा दाखवायला आलेल्या माणसाला आपला मधुमेह पहिल्यांदा कळला असेही होते.

आता उपचार. पहिले काही महिने आवरणाला सूज असते, खांदा आतून पेटलेला असतो. या काळात जोर लावून तो 'मोकळा' करायला जाणे म्हणजे सुजलेल्या जखमेवर बुक्की मारणे. इथे काम एवढेच: टेबलावर दुसरा हात टेकून वाकायचे आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा सैल झुलवायचा, झोपताना काखेखाली उशी घ्यायची, गरज पडली तर डॉक्टरांकडून सांध्यात इंजेक्शन. पुढे ठणका ओसरतो आणि आखडलेपण उरते. तेव्हा भिंतीवर बोटे चढवणे, काठी धरून दुखरा हात बाहेर ढकलणे, टॉवेल पाठीमागून ओढणे सुरू होते, आणि ते थोडे दुखेपर्यंत करायचे असते. शेवटी खांदा सुटत जातो. सगळे मिळून वर्ष-दोन वर्षे लागतात, कधी त्याहून जास्त. हे पहिल्याच दिवशी सांगितले नाही, तर तिसऱ्या महिन्यात रोगी तेल लावणाऱ्याकडे, पाचव्यात मांत्रिकाकडे जातो, आणि ज्याच्याकडे असताना खांदा आपोआप सुटला त्याची कीर्ती होते.

विश्रांतीबद्दल मला बोलायचा थोडा हक्क आहे. १९९६ साली, शिकत असताना, पाण्याची बादली उचलताना माझी कंबर धरली. एका रुग्णालयात मला तीन आठवडे कॉटवर झोपवून ठेवले. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्यांना कॉटच्या पायथ्याशी लोंबणारी वजने. उठलो तेव्हा पाठ बरी होती की नव्हती हे सांगता येईना, कारण पायच थरथरत होते. या प्रकाराला दहा वर्षे आधीच उत्तर मिळालेले होते. १९८६ मध्ये अमेरिकेत कंबरदुखीच्या २०३ रुग्णांची विभागणी केली. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितले, काहींना सात. दुखण्यात फरक पडला नाही. फरक पडला तो एवढाच की दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले.

त्याच्याही आधी, १९६६ साली, अमेरिकेतल्या डॅलस शहरात पाच धडधाकट विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले होते. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. शरीराची दमदारी तीस वर्षांच्या वयाने जितकी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांनी घटली होती. माझ्या खोलीत हा प्रयोग मी सर्वांना सांगतो. आजवर एकाही रोग्याला तो लगेच खरा वाटलेला नाही.

शरीराला भार हवा असतो. हाड, स्नायू, कंडरा, सगळे त्याच्यावर पडणाऱ्या भाराकडे पाहून स्वतःला बांधतात किंवा मोडीत काढतात. या बाबतीत स्वीडनचे शल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांची कथा मला फार आवडते. त्यांच्या टाचेमागचा कंडरा दुखत होता. शस्त्रक्रिया करा म्हणून ते वरिष्ठांच्या मागे लागले, वरिष्ठ नाही म्हणाले. मग वैतागून त्यांनी ठरवले, कंडरा इतका बिघडवू की शस्त्रक्रिया करावीच लागेल. पायरीच्या कडेवर चवडा टेकवून, टाच हळूहळू खाली सोडायची, दुखले तरी सोडायची, आणि दुखेनासे झाले की पाठीवर वजन वाढवायचे. कंडरा बिघडण्याऐवजी बरा झाला. १९९८ मध्ये त्यांनी हाच व्यायाम धावणाऱ्या १५ जणांना बारा आठवडे देऊन प्रसिद्ध केला: पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस. संख्या मुद्दाम लिहिली आहे. "थोडा व्यायाम करत जा" हे वाक्य "थोडं औषध घेत जा" इतकेच निरर्थक आहे. व्यायामालाही मात्रा लागते: किती वजन, किती वेळा, किती सावकाश, आणि किती दुखले तर चालेल. शेवटच्या प्रश्नाला माझा घरगुती ठोकताळा असा की व्यायामाने वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यावे. आले नाही तर मात्रा जास्त झाली. घटवा, सोडू नका.

आता वंगण. एक आजी आल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, शेतातून थेट. "डॉक्टर, वंगण सपलंय म्हनं माज्या गुडघ्यातलं. आता बसूनच ऱ्हायाचं का?" मी त्यांना भांडी घासायच्या स्पंजचे उदाहरण दिले. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा जो गुळगुळीत थर असतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला पोषण मिळते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टाकले की कूर्चा दाबली जाते, उचलले की पुन्हा द्रव शोषते. बसून राहिले की हे चोखणे मंदावते. दुसरीही एक भानगड आहे. गुडघा सुजला की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर उतरवून ठेवते, जणू त्याचा फ्यूज काढून ठेवते (बघा, मीही शेवटी यंत्राच्याच भाषेवर आलो). स्नायू खंगतो, गुडघ्याला येणारे धक्के कोणी झेलत नाही, पायरी उतरताना पाय लचकतो, भीती वाटते, माणूस आणखी कमी चालतो. आजींना मी तीन गोष्टी दिल्या: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे (दहा-दहाच्या तीन फेऱ्या), काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, आणि वजन थोडे उतरवणे, कारण एक किलो उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो. आजींनी ऐकून घेतले आणि विचारले, "मंजी करंट न्हाई लावनार?"

हा प्रश्न रोजचा आहे. लोकांच्या मनात फिजिओथेरपी म्हणजे करंट, शेक आणि ते थंडगार जेल लावून फिरवायचे अल्ट्रासाउंडचे यंत्र. मला वाटते याचे मूळ आपल्या इतिहासात आहे. मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या आरंभी, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. त्याच रुग्णालयात १९५० साली, मूळच्या अमेरिकन आणि लग्नाने आपल्याकडच्या झालेल्या कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली होती. या दोन्ही विद्या आपल्याकडे आल्या त्या लुळ्या पडलेल्या पायांसाठी, आणि लुळा पाय दुसऱ्यालाच हलवावा लागतो. पोलिओ गेला, भारतात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीतला. पण 'फिजिओवाला आपले अंग हलवतो, आपण पडून राहायचे' ही समजूत मागे राहिली, आणि यंत्रे विकणाऱ्यांना ती सोयीची पडली.

खरे सांगायचे तर शेकाने बरे वाटते, आणि बरे वाटणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तेवढ्या अर्ध्या तासात माणूस व्यायामाला तयार होतो. पण सांध्या-स्नायूंच्या दुखण्यात अल्ट्रासाउंडच्या यंत्राचा उपयोग दाखवणारा पुरावा फार तोकडा आहे. माझ्या खोलीत ते यंत्र आहे. का आहे? कारण अर्धा तास बोलून, तपासून, व्यायाम शिकवून पाठवले तर काही लोक पैसे देताना कुरकुरतात, आणि दहा मिनिटे यंत्र फिरवले तर कुरकुरत नाहीत. हा दोष माझा धरला तरी हरकत नाही.

हाताच्या उपचाराचेही तसेच. मान किंवा पाठ विशिष्ट पद्धतीने दाबली, फिरवली की कट्ट आवाज येतो आणि रोगी समाधानाने म्हणतो, "बसला जागेवर." जागेवर काही बसलेले नसते, कारण जागेवरून काही हललेलेच नसते. दृष्ट काढताना आजी कानशिलावर बोटे मोडते तेव्हाचा आवाज आणि हा आवाज एकाच जातीचा: सांधा किंचित ताणला गेला की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. पुढे काही तास किंवा काही दिवस हालचाल सुखाची होते, हे मात्र खरे. त्या सुखाच्या काळात व्यायाम झाला नाही तर रोगी पुढच्या आठवड्यात पुन्हा कट्ट करून घ्यायला येतो. काही जण वर्षानुवर्षे येतात.

जे जुने दुखणे तपासणीत सापडत नाही, त्याला 'मनाचे खेळ' म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. दुखणे महिनोन्महिने टिकले की मज्जासंस्था हळवी होते. पूर्वी ज्याने दुखत नव्हते त्याने दुखू लागते. दुखणे खरेच असते, इजा मात्र तेवढी उरलेली नसते. झोप मोडलेली, नोकरीची चिंता, 'वाकलात तर पांगळे व्हाल' असे कुणीतरी घातलेले भय, हे सगळे त्या हळवेपणाला खतपाणी घालते. म्हणून अशा रोग्याला मी पहिल्या भेटीत पट्टा सोडून जमिनीवरचे पेन उचलायला लावतो. पेन हातात आले की चेहरा बदलतो, आणि माझे पुढचे काम सोपे होते.

२०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. इतक्या लोकांत सगळ्यांचे दुखणे एकाच शिस्तीत बसणार नाही, आणि एका गटापुढे तर माझे शास्त्र लंगडे पडते. हंगामात आमच्याकडे ऊसतोड कामगार येतात. पहाटेपासून वाकून तोडायचे, मग मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकमध्ये चढवायची. त्यांना 'भार वाढवा' सांगणे म्हणजे क्रूर थट्टा. 'विश्रांती घ्या' सांगणे त्याहून मोठी, कारण उचल घेतलेली असते आणि खाडा अंगावर बसतो. त्यांच्या कमरेत ताकदीची उणीव नसते. उणीव असते ती दोन मोळ्यांमधल्या श्वासाची. मी त्यांना रात्री पोटावर झोपून छाती उचलण्याचा व्यायाम देतो, त्याने काहींना आराम पडतो. पण त्या कमरेचा खरा उपचार कराराच्या कागदावर आहे, माझ्या टेबलावर नाही. पुस्तकातले कामगारांवरचे प्रकरण म्हणूनच सर्वांत छोटे आणि सर्वांत अपुरे आहे.

व्यायामांची चित्रे पुस्तकात दिली आहेत. चित्रे पाहून कुणी स्वतःचे निदान करू नये, निदान एकदा तरी पदवी घेतलेल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावे. त्याने तुम्हाला हात न लावता, काही न विचारता थेट यंत्राखाली झोपवले तर उठून यावे.

आणि काही वाचकांनी पहिले प्रकरणसुद्धा उघडू नये. कंबरदुखीबरोबर लघवी अडली असेल किंवा नकळत होत असेल, गुदद्वाराभोवतीची, मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली असेल, दोन्ही पायांतले बळ जात असेल; पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप, उतरत चाललेले वजन, कूस बदलली तरी न थांबणारा रात्रीचा ठणका असेल (आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे); पूर्वी कर्करोग झालेला असेल; किंवा पडल्यावर दुखणे सुरू झाले असेल आणि वय साठीपुढचे असेल, तर व्यायामाचे नाव काढू नका. डॉक्टरांकडे जा. यांतली लघवीची, बधिरतेची किंवा दोन्ही पायांतले बळ जाण्याची तक्रार असेल तर उद्याची वाट न पाहता, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठा.